झुकतं माप नको

"तिला आठ आणि मला पाच!" ताईंच्या हातातली कात्री तशीच उघडी राहिली...

शिलाई मशीनवर दोन उत्तरपत्रिका शेजारी शेजारी पसरल्या होत्या. एक वर्गातल्या चष्मेवाल्या मैत्रिणीची, दुसरी ताईंची. चौथा प्रश्न, तीच रीत, शेवटची एक पायरी दोघींनीही गाळलेली. मग तीन मार्कांची ही तफावत कुठली? आणि तपासणारा कोण, तर त्यांचा सख्खा धाकटा भाऊ! त्याला शिकवायला ताईंनी स्वतःचं कॉलेज अर्ध्यावर सोडलं, ऐन तारुण्य या मशीनच्या पायडलवर झिजवलं... आणि आता केस पिकल्यावर त्याच्याच गणिताच्या वर्गात पहिल्या बाकावर येऊन बसल्या होत्या.

मध्यावधीला पन्नासपैकी वीस मिळाले नाहीत, तर अंतिम परीक्षेला बसता येत नव्हतं. ताईंना अठरा होते.

"अहो ताई, संध्याकाळी चहाच्या वेळी विचारा की त्यांना," भावजय म्हणाली. "घरातली गोष्ट घरात."

"घरी तो माझा धाकटा आहे. मला वर्गातला मास्तर हवाय."

"पण फेरतपासणीला दिलं की अख्खा पेपर पुन्हा तपासतात ना? आहेत तेही मार्क जायचे!"

"जाऊ देत! जे माझं नाही ते मला नकोच आहे."

दुसऱ्या दिवशी ताई विद्यार्थ्यांच्या भेटीच्या वेळेत भावाच्या कॉलेजातल्या खोलीबाहेर रांगेत उभ्या राहिल्या. पुढचा विद्यार्थी उशिराचा गृहपाठ घेऊन आला होता. त्याची आजी या सत्रात तिसऱ्यांदा आजारी पडली होती. तो गृहपाठासकट परत गेला.

"आत येऊ का, सर?"

भाऊ दचकला. "ताई? अगं, तू इथे..."

"फेरतपासणीचा अर्ज. मुदत उद्यापर्यंत आहे. ही मैत्रिणीची उत्तरपत्रिका, तिला विचारून आणलीय."

त्याने दोन्ही पानं पाहिली, आणि चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "ताई... लोक म्हणतील, बहिणीला घरबसल्या मार्क वाटले. म्हणून तुझा पेपर जरा... कडक तपासला."

"म्हणजे लोकांच्या तोंडाला कुलूप, आणि तेही माझ्या मार्कांचं!" ताईंचा स्वर कापला, मान मात्र ताठच राहिली. "तुला वाढवताना मी कधी हिशेब ठेवला नाही, आजही मागत नाही. पण हे गणित माझं आहे रे! मला झुकतं माप नको... आणि काटा मारलेलंही नको!"

त्याने पाचाचे आठ केले. बेरीज एकवीस. मग एकेक प्रश्न पाहत गेला, सहाव्यापाशी क्षणभर थबकला आणि घाईने पान उलटलं. माणूस कमी मोजताना एकदा पकडला गेला, की पुढचं माप फार सढळ हाताने घालतो!

"थांबा, सर. सहाव्यात काय दिसलं?"

"काही नाही गं..."

"उणे चिन्ह गळलंय माझं. मला आत्ता दिसलं, तुम्हाला आधीच दिसलं. कापा!"

"ताई, राहू दे ना..."

"कापा म्हणते ना!"

त्याने एक मार्क कापला. वीस... बरोब्बर वीस! लाल पेन टेबलावर निसटलं आणि त्याने ओंजळीत तोंड लपवलं. "मला क्षमा कर, ताई... मी तुझ्याशीच बेइमानी केली!"

ताईंचा हात त्याच्या केसांकडे गेला, अर्ध्या वाटेवरून मागे आला. डोळे भरले होते, पण त्यांनी वही उघडली.

"क्षमा घरी मागायची. कानही घरीच पिळीन. इथे ते उणे चिन्ह समजावून सांगा, सर."

त्याने बाहीने डोळे पुसले, आणि फळ्याजवळ जाऊन खडू उचलला.