एकाच फडक्यात

दानम्माच्या कडक भाकऱ्या अमेरिकेला जाऊन आल्या होत्या. काश्मीरला तर दर उन्हाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या बॅगेतून जायच्याच. दानम्मा स्वतः मात्र सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीच्या पलीकडे गेली नव्हती! पासष्टी आली, गुडघे कुरकुरायला लागले, आणि एके दिवशी दुकानात भाकऱ्या पोचवायला निघालेली ही बाई वाटेतच एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात शिरली. फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या बाकावर ठेवल्या आणि म्हणाली, "मी दानम्मा. मला मनालीचा बर्फ बघायचाय."

काउंटरवरची आरोही गोड हसली. असलं हसू लोक म्हाताऱ्या माणसांसाठी राखून ठेवतात. "आजी, तुमच्यासाठी काशी-गया आहे ना! व्हीलचेअर मिळते, जेवण बिनतिखटाचं…"

"काशीत बर्फ पडतो का गं?"

बाकावरचे एक गृहस्थ खुदकन हसले. पांढरी मिशी, इस्त्रीचा शर्ट. "मीबी बर्फच मागितला, तर मलाबी काशीच दाखवली हिनं. आपलं वय झालं की आपल्या मोक्षाची घाई दुसऱ्यांनाच लई!"

दानम्मालाही हसू आवरेना. किती दिवसांनी ती अशी परक्या माणसासमोर हसली होती, तिलाच आठवेना.

"पण साठीच्या पुढच्यांना आम्ही एकटं नेत नाही," आरोही म्हणाली. तेवढ्यात तिची नजर बाकावर गेली. भाकऱ्यांच्या फडक्याला टेकून त्या गृहस्थांची शेंगाचटणीची पुडी होती. सोलापुरात भाकरी-चटणी अशी शेजारी दिसली, की घर एकच धरायचं! "अय्या, आजोबा बरोबर आहेत की! मग प्रश्नच मिटला."

दानम्मानं तोंड उघडलं… आणि मिटलं. बर्फ इतका जवळ आला होता! गृहस्थांनीही मिशीतल्या मिशीत हसत नाव सांगितलं, सिद्धप्पा. आरोहीनं मनालीसाठी दोघांची नावं आणि दानम्माच्या घरचा फोन नंबर लिहून घेतला.

बाहेर येताच ती फणकारली, "तुमी गप का बसला?"

"तुमी का बसला?" ते म्हणाले. मग आवाज उतरला. "मंडळी गेल्यापासनं दुकानातनं तुमचीच भाकरी आणून खातोय. दानम्मा म्हणजे कोण, कशी दिसत असंल… रोज वाटायचं. आज दिसली, तर — गप बसावंसं वाटलं."

दानम्माचे कान तापले. ह्या वयात, अगं बाई!

संध्याकाळी ऑफिसातून घरी फोन आला, आजी-आजोबांची आधार कार्डं पाठवा म्हणून. फोन नेमका मुलानं, संगमेशनं घेतला. त्याचे वडील जाऊन तर सहा वर्षं झालेली.

"अव्वा, कोण हे आजोबा? आणि ह्या वयात बर्फ? घसरून पडलीस तर? लोक काय म्हणतील?"

दानम्माचा पिठातला हात थांबला. खरं सांगितलं तर बर्फ जाईल, आणि ते मिशीतलं हसूही जाईल. खोटं तर आता चालणारच नव्हतं. भीती वाटली तिला, खोटं कशाला बोला! जन्मभर दुसऱ्यांच्या प्रवासाची भाकरी थापायची आणि आपण चुलीपाशीच बसायचं?

"पडले तर उठीन," ती म्हणाली. "खोटं वागले, ते चुकलं. उद्या जाऊन खरं सांगते. पण मी जाणार हाय."

सकाळी संगमेशनंच स्कूटर काढली. तोंड फुगलेलं होतं, पण काढली. "स्वेटर दोन घे," वाटेत एवढंच बोलला.

ऑफिसात सिद्धप्पा आधार कार्ड घेऊन आधीच येऊन अवघडून बसले होते. दानम्मा थेट काउंटरपाशी गेली. "पोरी, हे माझे मालक न्हाईत. माझ्या भाकरीचं गिऱ्हाईक हायत."

सिद्धप्पांची मान खाली गेली.

"पण सोबत म्हणून हेच पायजेत. चालतील न्हवं?"

मान झटक्यात वर आली. "चालतील काय, पळतील!"

दारात उभ्या संगमेशलाही हसू फुटलं. आरोही मात्र गोंधळली. "म्हणजे… रूम दोन लिहू?"

"दोनच," दानम्मा ठामपणे म्हणाली.

सिद्धप्पांनी हळूच मान डोलावली. मग पोरासारखं चाचरत म्हणाले, "बरोबर हाय… मग वाटेसाठी माझ्यापुरती भाकरी — दुकानातनं घेऊ?"

"खबरदार दुकानातनं घेतली तर!" दानम्मानं पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत नीट बघितलं, अगदी मुलासमोर. "चटणी तुमी आणा. खोल्या दोन असू द्यात, भाकरी मात्र मी एकाच फडक्यात बांधणार हाय."