यादीतून काढलेलं उपकरण

संदर्भाधीन विषय : एका घरातल्या इंटरनेट व बिनतारी टीव्हीच्या जोडणीतून काढून टाकलेलं अनोळखी उपकरण पुन्हा जोडून मिळण्याबाबत.

उपरोक्त विषयी हकीकत अशी, की ते उपकरण काढणारा आणि ते परत जोडा म्हणून अर्ज करणारा माणूस एकच आहे. कचेरीच्या कामात असं क्वचित घडतं. चूक करणारा आणि ती निस्तरणारा यांची तिथे सहसा गाठही पडत नाही.

तो कंपनीचा जोडणीवाला. घरोघर जाऊन राउटर बसवायचा, टीव्हीचा डबा लावायचा, आतल्या खोलीत दुसरा टीव्ही असेल तर त्याच्या पाठीला छोटा रिसीव्हर अडकवायचा, म्हणजे वायर न ओढता तिथेही चित्र दिसतं. कचेरीत त्याला ‘काटेकोर’ म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे. नियमाबाहेर तो कधी शिंकलाही नसता.

त्या दुपारी तो गल्लीच्या टोकाच्या इमारतीत गेला. दार एका आजींनी उघडलं.

“आलास? उशीर केलास रे बाबा. अर्ज ह्यांनी केला होता. अंथरुणाला खिळले होते, म्हणाले, छताकडे बघून बघून छत पाठ झालंय, आतल्या खोलीत टीव्ही तरी लावून घेऊ. तुमची मंजुरी आली आणि हे गेले.”

“आमच्याकडे थोडं मागे-पुढे होतं, आजी.”

“खरंय. आमच्याकडेही झालं. ते पुढे, मी मागे.”

यावर काय बोलायचं ते नियमात नव्हतं. तो कामाला लागला. आतल्या खोलीत पलंग होता, चादर नीट अंथरलेली, उशीला मात्र खळगा. पडदे ओढलेले. मलमाचा वास इतका ताजा, की कुणी आत्ताच बाटलीचं झाकण लावलं असावं. टीव्हीच्या मागे रिसीव्हर लावून तो बाहेरच्या खोलीत आला, राउटर सुरू केला, पासवर्ड घातला आणि फोनवर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली.

यादीत दोन नावं हवी होती, बाहेरचा डबा आणि आतला रिसीव्हर. तिथे तीन ओळी होत्या. तिसरीला नाव नव्हतं, फक्त सिग्नलचा जोर दिसत होता, आणि तो पुरेपूर होता.

तो बुचकळ्यात पडला. पासवर्ड त्याने आजींनाही अजून सांगितला नव्हता.

तेवढ्यात आतला टीव्ही लागला. आवाज अगदी हळू. चॅनेल बदललं... मग बराच वेळ काही नाही... मग पुन्हा बदललं. अशक्त अंगठ्याने एकेक बटण शोधून दाबावं, तसं. रिमोट त्याच्या पिशवीत होता, प्लास्टिकच्या वेष्टनातून अजून काढलेलाही नव्हता.

“हळूच लावायचे,” आजी दाराच्या चौकटीला टेकून म्हणाल्या. त्यांचा चेहरा एकदम तरुण दिसत होता. “माझी झोप मोडू नये म्हणून.”

“आजी, शेजारचं कुणीतरी घुसलंय यादीत. काढायला लागेल.”

“राहू दे ना. एकाने काय तुझं बिघडतं?”

“आज एक, उद्या अख्खी इमारत. यादी साफ असल्याशिवाय जोडणी ताब्यात देता येत नाही.”

“बाबा, ऐक माझं... राहू दे.”

त्याने ऐकलं नाही. आयुष्यात एखादी गोष्ट न ऐकण्याचा पश्चात्ताप माणसाला किती पुरतो, हे त्याला तोवर माहीत नव्हतं. त्याने ती ओळ दाबली, ‘कायमचे काढा’ वर बोट ठेवलं.

आतला टीव्ही गप्प झाला.

मग पलंगाची स्प्रिंग वाजली. कुणी कण्हत उठलं. अनवाणी पावलं फरशीवर घासत बाहेर आली, मलमाचा वास त्याच्या खांद्याजवळून गेला, आणि समोरच्या दाराची कडी आपसूक निघाली. दार उघडलं. घालवून दिलेल्या पाहुण्याने उघडावं, तसं हलकेच.

“अहो...” आजी जिन्यापर्यंत धावल्या. “अहो, थांबा... त्याला कळलं नाही हो...”

जिना रिकामा होता. त्या परत आल्या. ओरडल्या नाहीत, शाप दिला नाही. एवढंच म्हणाल्या, “परत घे त्यांना.”

त्याने फोनवर खटपट केली. पण कंपनीची रीत अशी, की उपकरण काढायचा अधिकार जोडणीवाल्याला आणि परत घ्यायचा फक्त कचेरीला. दार लावायला कुणीही चालतं, उघडायला साहेब लागतो.

दुसऱ्या दिवसापासून तो जाईल त्या घरी यादीत ती बिननावाची ओळ उमटू लागली. क्षणभर दिसायची आणि विझायची. कुणी दारातून डोकावून बघावं आणि हे आपलं घर नव्हे म्हणून मागे सरावं, तशी. एका बाईंनी त्याला चहा देताना म्हटलं, “आणि ते आजोबा बाहेरच का उभे? त्यांनाही आत बोलवा की.” त्याचा चहा कपातच राहिला.

तो आजींकडे गेला. आत त्यांनी टीव्ही लावून ठेवला होता, अगदी हळू आवाजात, रिकाम्या पलंगासमोर.

“भटकतायत ते,” तो मान खाली घालून म्हणाला.

“मग घेऊन ये ना रे घरी.”

“आणले तरी आत येता येणार नाही, आजी. मी बंद केलंय.”

त्याने स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला आणि कचेरीतल्या मॅडमसमोर ठेवला.

“खातेदाराची सही कुठेय?” मॅडमनी विचारलं.

“ते वारले.”

“मग बायकोच्या नावाने नवीन जोडणी घ्या. जुनी यादी आपोआप पुसली जाईल.”

“पुसायची नाहीये, मॅडम. त्यातलं एक परत हवंय.”

“मग खातेदाराला समक्ष यावं लागेल,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नव्हती.

तो चौकशी करत राहिला. साहेब दौऱ्यावर गेले, आले, रजेवर गेले. आजींना तो दर खेपेला “होईल” म्हणून सांगत होता आणि त्या “हो रे बाबा” म्हणून त्याचीच समजूत घालत होत्या. एका सकाळी त्याने पुन्हा फोन केला. मॅडम वैतागल्या.

“अहो, किती घाई ती! खातेदार आलेत की समक्ष. आम्ही कचेरी उघडली तेव्हा आतच होते. ओळखपत्र काही दाखवत नाहीत, घरी सोडा एवढंच म्हणतायत. साहेब येईपर्यंत मी तरी काय करणार?”

फोन कानाला तसाच धरून तो कचेरीकडे जायला घराचा जिना उतरू लागला, तसं फोनवर हळू आवाजात एकेक चॅनेल बदलल्यासारखं ऐकू येऊ लागलं. कचेरीत टीव्ही नाही.

साहेब अद्याप रुजू झालेले नाहीत. खातेदारांना बसायला सांगितलं आहे. अर्ज प्रलंबित आहे.