पन्नास मैलांनंतर

ओडेल बर्चेट त्या दिवशी खरं तर दातांच्या डॉक्टरकडे निघाला होता. पण डॉक्टर गावाच्या उजव्या अंगाला होते आणि ओडेलची गाडी फक्त डावीकडे वळत होती.

आदल्या संध्याकाळी त्याने आपल्या जुन्या पिकअपला नवी चाकं लावली होती. रुंद, काळी, आणि गाडीच्या मापाशी काहीही संबंध नसलेली. उजवीकडे वळवलं की टायर मडगार्डला असा घासायचा, की रस्त्यावरची कुत्री उठून उभी राहायची. म्हणून तो डावीकडे वळला, मग पुन्हा डावीकडे, मग आणखी एकदा... आणि शेवटी डोव्ह फोर्कमधल्या एकुलत्या एक टायरच्या दुकानासमोर येऊन थांबला.

लीटा स्टॅनफिल हात पुसत बाहेर आली. तिने गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं.

"चाकं आधी घेतलीस, आणि ती मावतील एवढी गाडी उंच करायचं नंतर ठरवणार होतास?"

"हो, मॅडम."

"म्हणजे बूट आणलेत, आता पाय वाढायची वाट बघतोयस."

"केंटकीत सगळे असंच करतात."

"माहितीये. त्यांच्याच जिवावर आमचं घर चालतं."

दात दुखत असल्यामुळे ओडेलला अर्ध्याच तोंडाने हसता आलं. लीटाला ते अर्धं हसू इतकं आवडलं, की उरलेल्या अर्ध्यासाठी थांबायची तिची तयारी होती.

तिने गाडी समोरून दोन इंच उचलून दिली, मडगार्डची कड थोडी कापली आणि चाकं नीट बसवली. मग नेहमीची सूचना दिली. "पन्नास मैल चालव आणि परत ये. नवं चाक बसवलं की नट थोडे सैलावतात. ते घट्ट करून देतो आम्ही. त्याचे पैसे नाहीत."

तो त्याच दुपारी परत आला.

"पन्नास मैल झाले?"

"झाले."

"गेलास कुठे?"

"कुठे नाही. चर्चच्या पटांगणात गोल फिरलो. फक्त उजवीकडे – हौस फिटेपर्यंत. पाद्रीबाबांना वाटलं, माझा जीव कशाने तरी तळमळतोय. ते बाहेर आले आणि प्रार्थना करायला लागले."

"मग?"

"चांगली होती. आणखी दहा मैल मारले."

लीटाने तिचा पाना काढला. नट पुरेसा घट्ट झाला की हा पाना 'टक' असा आवाज करतो. एकही नट सैल नव्हता. तरी तिने प्रत्येकाला पाना लावला... सावकाश. टक. टक. ओडेल शेजारी उकिडवा बसून असा ऐकत होता, जणू आत कुणीतरी गाणं म्हणतंय.

त्यानंतर त्या गाडीला उसंत मिळाली नाही. ओडेल पुढची चाकं मागे करून मागायचा, मग मागची पुढे. चाक निघालं की नवे पन्नास मैल आले, आणि पन्नास मैल आले की लीटा आली. हे दोघांनाही कळत होतं, पण चाकांचं नुकसान होत नसल्यामुळे कुणी विषय काढला नाही.

दुपारी दोघं पिकअपच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसायची. हातात तळलेल्या सॉसेजचं सँडविच आणि मधे टायरचा कॅटलॉग.

"सहा इंच उचलायची," ओडेल म्हणायचा. "आणि हे चिखलात चालणारे टायर. मग मी तुमचं घर आहे त्या डोंगरावरही येईन."

"इतकी उंच केलीस तर मी चढू कशी?"

"पायरी लावू."

"तू हात देणार असशील तर पायरी कशाला?"

यावर दोघांनी कॅटलॉगमधला एकच टायर बराच वेळ पाहिला. तो ट्रॅक्टरचा होता.

उन्हाळा सरता सरता ओडेल कामाला होता ती खाण बंद पडली. एका सकाळी, बारीक पाऊस पडत असताना, तो आला आणि गाडीतून न उतरता म्हणाला, "वायोमिंगला चुलतभाऊ आहे. पवनचक्क्यांवर काम देतोय."

लीटा खिडकीशी आली. तिच्या पापण्यांवर पाऊस होता.

"दोन गोष्टी होऊ शकतात," ओडेल म्हणाला. "सहा इंच उचलून चिखलाचे टायर लावले, तर साठवलेलं सगळं त्यात जातं आणि मी कुठेही जाऊ शकत नाही. काकाच्या लाकडाच्या वखारीत लागेन, इथेच राहीन. नाहीतर गाडी खाली उतरव, हायवेचे टायर लाव... आणि मी निघतो. तू सांग."

"टायरबद्दल विचारतोयस?"

"नाही."

आत लीटाचा बाप, वर्लिन, एका गाडीखाली उताणा पडून शिट्टी वाजवत होता. वर्लिनने लग्नासाठी अलास्काची नोकरी सोडली होती. त्याने बायकोला कधी बोल लावला नाही. फक्त बटाटे कच्चे राहिले, छप्पर गळलं किंवा घरात शांतता फार झाली, की तो म्हणायचा, "अलास्कात आता बर्फ पडला असेल." लीटाच्या आईने त्या बर्फात उभा जन्म काढला होता.

लीटाला कुणाचं अलास्का व्हायचं नव्हतं.

"हायवेचे," ती म्हणाली.

"नक्की?"

"लांबच्या प्रवासात आवाज करत नाहीत."

"आवाजाचं मला काही नाही गं."

"लावू की नको?"

त्याने किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. बोटं तिथेच राहिली, क्षणभर. मग निघाली.

तिने गाडी पूर्वीच्या उंचीवर आणली. हायवेचे टायर चढवले. प्रत्येक नट घट्ट केला, मग पुन्हा एकदा. टक. टक. टक. गाडीखालून वर्लिन म्हणाला, "पोरी, चाक बसवतेयस की जन्मठेप देतेयस?"

"पन्नास मैलांनंतर..." तिने ओडेलला सांगायला सुरुवात केली.

"परत येऊ?"

"वाटेत कुणीही बघून देईल."

तो गेल्यावर ती व्हॉल्व्हची टोपणं रंगाप्रमाणे वेगळी करत बसली. सगळी काळी होती. तासाभराने फोन वाजला.

"नट दाखवले," ओडेल म्हणाला. "इथला माणूस म्हणतो, एकही हलत नाही. ज्याने बसवले त्याला हे पुन्हा काढायचे नव्हते वाटतं, म्हणाला."

"बरं."

"लीटा... एखादा जरी सैल निघाला असता ना –"

"तर?"

"तर गाडी डावीकडे वळवून परत येणार होतो. तसं ठरवलं होतं मी."

दोन शब्द होते, 'तरी ये'. ते तिच्या ओठांपर्यंत आलेही होते. पण मागे वर्लिनची शिट्टी चालू होती – अलास्काला न गेलेला माणूस वाजवतो तशी.

"तिकडे दात दाखवून घे," ती म्हणाली.

"घेतो," तो म्हणाला. त्याने खूप वेळ फोन ठेवला नाही. तिनेही नाही.

ती रुंद काळी चाकं अजून दुकानाच्या भिंतीला टेकून आहेत. कुणी किंमत विचारली, तर लीटा सांगते की ती कुठल्याच गाडीला बसत नाहीत. मग गिऱ्हाइकाचे नट आवळत बसते आणि दर वेळी तिला ती सकाळ आठवते. एकच नट अर्धा फेरा सैल सोडायचा होता. तिला ते सुचलंही होतं.

पण ज्या गाडीत ओडेल बसणार होता, त्या गाडीला सैल नट सोडायला तिचा हातच धजला नाही.