बादलीतलं पाणी

गोड्या पाण्यातली मासोळी पाणी पीत नाही. हसू नका. माझ्या बाकीच्या गोष्टींना तिखटमीठ असतं, हिला नाही. 'थापाड्या' म्हणायची मला ताई, ती एकटीच. पण पाळीव माशांचं औषधपाणी मी जन्मभर केलंय. औषध पाण्यात विरघळवायचं, ते कल्ल्यांतून रक्तात शिरतं. उतरवायचं तर मासोळी स्वच्छ पाण्यात सोडायची. आल्या वाटेनं परत जातं.

ताई गेल्यावर थोड्याच दिवसांत भाऊजींचा फोन आला. "माशांचे डॉक्टर, तुमच्या ताईची मासोळी कलंडलीय. येऊन जा."

टाकी ताईच्या पलंगाला लागूनच होती. मासोळी डाव्या अंगावर तरंगत होती, कल्ले मंद. पाण्याला ओळखीचा वास. ताईच्या दुखण्यावरचे थेंब.

"हे काय केलंत, भाऊजी?"

"तळमळत होती हो. तुमच्या ताईला बरं वाटायचं त्यानं. बाटली टाकवतही नव्हती."

तेवढ्यात मासोळीनं काचेवर तोंड आपटलं. टक-टक. थांबून, टक. उशी सरकवायला ताई पलंगाच्या दांडीवर अंगठी अशीच वाजवायची. भाऊजी सवयीनं उठले आणि मधेच उभे राहिले.

"गुंगीत मासे धडकतात," मी म्हणालो. धडकतात. असे मोजून नाही धडकत.

बादलीत स्वच्छ पाणी घेतलं. "औषध उतरलं नाही तर मरेल ही."

"आणि उतरलं तर बाकीचंही उतरेल?"

"बाकीचं काय?"

त्यांनी पलंगाच्या दांडीवरून हात फिरवला.

बादलीत मासोळी हळूहळू सरळ झाली. टाकी घासून, नवं पाणी भरून तिला परत सोडली. खाल्लं, गोल फिरली. भाऊजी काचेवर बोट वाजवत राहिले. तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. कुणाला बरं करून मी एवढा ओशाळलो नव्हतो.

"बादली मोरीत ओतून टाका," म्हणत मी स्वयंपाकघरात हात धुवायला गेलो.

परतलो तर बादली रिकामी. मोरी कोरडी. उशाशी ओला पेला. भाऊजी पलंगावर, डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून.

टक-टक. टक.

भाऊजी अंगठी घालत नाहीत.

मी उशी सरकवली.

"जाताना दार लोटून घे, थापाड्या."

आवाज भाऊजींचाच. पण ते मला अहो-जाहो करतात.

मी दार लोटून घेतलं. थोरल्या बहिणीचं सांगणं मी कधी मोडलं नाही.