सर्जेरावांची आभासी पोरं

कोल्हापूरच्या बालवाहतूक प्रशिक्षण केंद्रातली बस जागची तसूभरही हलत नसे, तरी तिच्यातून उतरणारा माणूस घामाघूम होऊनच उतरायचा. काचेच्या पडद्यांवर शहर धावायचं, मागच्या बाकांवर तीस पोरं कालवा करायची, आणि त्यातलं एकही खरं नव्हतं.

"आभासी पोरं म्हणत्यात," सर्जेराव पोवार बायकोला सांगायचे, "पण वात आणायला खऱ्यापेक्षा चार पावलं पुढं."

हा सगळा खटाटोप बायकोसाठीच चालला होता. सर्जेरावांनी ऐन उमेदीची वर्षं ट्रकवर काढली आणि तिनं घरात वाट बघण्यात. शाळेची बस मिळाली तर रोज संध्याकाळी घर. पण त्यासाठी या केंद्राचा दाखला हवा होता, आणि आज सर्जेराव नापास झाले होते.

त्यांना काही उमजेना. वेग बरोबर, थांबे बरोबर, पोरं चिडीचूप. फक्त शेवटी मागचं दार नीट लागलं नव्हतं. बस निघाली आणि एक पोरगा खाली पडला.

"दाराचा इशारा-दिवा आम्हीच बंद ठेवला होता," केंद्रप्रमुख डॉ. इरावती मुळगुंद म्हणाल्या. "पण ते दार तीन मुलांना दिसत होतं."

"मग बोलली का न्हाईत?"

"तुमच्याकडून शिकली म्हणून, काका," इंजिनिअर नियाज मुजावर म्हणाला. "ही स्वयंशिक्षित पोरं आहेत. आम्ही प्रत्येक ड्रायव्हरला कोरी पोरं देतो. कसं वागायचं हे ती त्याच्याकडे बघून ठरवतात. पहिल्या फेरीत त्यातली मनवा म्हणाली, चाकाखाली मांजर आहे. तुम्ही उतरून पाहिलंत, मांजर नव्हतं. मग तिला काय म्हणालात?"

सर्जेरावांना सगळं आठवत होतं. पुन्हा थापा मारल्यास तर इथंच उतरवीन, असं म्हणाले होते.

"दटावलं एकीला, शिकली तीसच्या तीस," डॉक्टर म्हणाल्या. "खरी मुलंही अशीच शिकतात. फक्त तिथं ते आपल्याला फार उशिरा कळतं."

"मग मला दुसरी पोरं द्या. कोरी."

"शाळेत कोण बदलून देणार? हीच पोरं आणि एक महिना. त्यानंतर शेवटची परीक्षा."

सर्जेराव मनातून पार खजील झाले. ट्रकवर त्यांचा क्लीनर मागच्या फाळक्यावर थाप मारायचा आणि त्यांचा पाय आपसूक ब्रेकवर जायचा. कशाला मारलीस, असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरांना सांगून टाकलं, "आजपासनं तुम्ही समदे माझे क्लीनर. काय वावगं दिसलं की पत्र्यावर थाप."

पोरं कसली थाप मारतात, ती बिचकूनच होती. आठवडाभरानं एकदाची थाप पडली, तीही झाडावर माकड दिसलं म्हणून. सर्जेरावांनी गाडी कडेला घेतली, माकड पाहिलं आणि म्हणाले, "माकडासाठी थांबायचं नसतं. पण सांगितलंस ते बरं केलंस." मग काय, थापांना ऊत आला. हळूहळू पोरांना कशाला थाप मारायची हेही कळू लागलं.

परीक्षेच्या दिवशी रस्ता तुंबलेला आणि शाळेची घंटा व्हायला आलेली. एका थांब्यावरून बस निघणार तोच मनवाची थाप पडली. सर्जेराव उतरले, वाकून चारी बाजूंनी पाहिलं. खाली कुणी नव्हतं. मागची वाहनं भोंगे मारून कान किटवत होती.

"मला वाटलं, खाली कुणीतरी आहे," मनवा पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाली.

सर्जेरावांच्या ओठांवर अस्सल ट्रकवाली शिवी आली होती. ती त्यांनी गिळली. "बरं केलंस, पोरी. परत वाटलं तर परत मार."

शहर जागच्या जागी थांबलं. दिवे लागले.

"घंटा चुकली," सर्जेराव पडेल आवाजात म्हणाले. "गेलं काम."

"पास झालात," डॉक्टर म्हणाल्या.

"कशापायी? खाली पोर न्हवतंच की."

"आम्ही ठेवलंच नव्हतं. मनवाला नुसती सावली दाखवली होती. पोर दिसल्यावर कुणीही थांबतो. थाप खोटी निघाल्यावर माणूस काय करतो, एवढंच बघायचं होतं. उद्या खरी थाप पडणार की नाही, ते तिथं ठरतं."

सर्जेरावांचे डोळे भरून आले. त्यांनी ते उघडपणे पुसले. नियाज यंत्र बंद करायला वळला, तसा त्यांनी त्याचा हात धरला.

"थांब की लेका. पोरं अजून गाडीत हाईत."

डॉक्टरांनी मान हलवली. शहर पुन्हा सुरू झालं. शाळा आली, पोरं एकेक करून उतरली, मनवानं हात हलवला. सर्जेराव मागच्या बाकापर्यंत चालत गेले, प्रत्येक बाकाखाली वाकून पाहिलं, आणि मगच घरी जायला निघाले.