हळदकुंकवाच्या चार डिस्क

समिधाने काउंटरवरून वाकून त्याचं मनगट धरलं, आणि धरल्यावर तिच्या लक्षात आलं की या माणसाला आपण एकदाच पाहिलंय, तेही त्याचं अर्धं तोंड कॅमेऱ्यामागे असताना.

"हात काढा त्यावरून!"

स्वराजच्या हाताखाली माउस होता आणि माउसचा बाण पडद्यावरच्या मोठ्या निळ्या बटणावर. बटणावर लिहिलं होतं, 'नव्याने सुरुवात करा'. सकाळपासून त्याला धीर देणारं तेवढं एकच वाक्य भेटलं होतं.

"का?" त्याने विचारलं. मनगट मात्र सोडवून घेतलं नाही.

"कारण ते मशीन विचारतंय, सगळं पुसून टाकू का? फक्त गोड शब्दांत."

खालापूरच्या तहसील कचेरीसमोरचा हा फोटो स्टुडिओ. पुढे दुकान, मागे घर. समिधा मोहोपाड्याची, रसायनीतल्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळणारी. आज ती आली होती फोटो न्यायला, स्थळासाठीचा. स्वराजने काढलेल्या फोटोवर लग्नं पटापट जमतात, असं तिच्या खालापूरच्या आत्याचं ठाम मत. कर्जतचे लोक फोटोची वाट पाहत होते. आत्या त्यांच्याहून जास्त.

आणि फोटो अडकला होता मधल्या खोलीत, देव्हाऱ्याखालच्या फळीवरच्या काळ्या पेटीत. पेटीच्या पोटात चार डिस्क, खणासारख्या ओढून काढता येणाऱ्या. स्वराजने टिपलेली सगळी लग्नं या चौघींत वाटून ठेवलेली. एक गेली तरी उरलेल्या तिघी मिळून तिचा वाटा सांगतात, अशी सोय. दोन गेल्या की मात्र कुणीच काही सांगत नाही.

"एक बिघडली, ते कळलं," समिधा पेटीसमोर मांडी घालून बसली. "दुसरीला काय झालं?"

स्वराजने आईकडे पाहिलं, आईने देवाकडे.

"दुसरी मीच काढली," तो म्हणाला. "मशीन म्हणालं, तीन नंबरची खराब झालीये. मी तीन नंबरची ओढली. तर सगळंच गेलं."

"तीन नंबर कुठे लिहिलाय?"

"डिस्कवर. मी स्वतः लिहिलेत आकडे."

समिधाने एक खण पुढे ओढला. त्यावर हळदकुंकवाची बोटं. शेजारच्यावरही. चौघींवर. एका फटीत झेंडूची सुकलेली पाकळी.

"खंडेनवमीला आमी समद्या हत्यारांची पूजा करतो," आई पुढे सरसावली. "कोयता हाय, विळा हाय, याचा कॅमेरा हाय. मंग जिच्यावर घर चालतं, ती पेटी तशीच ठेवायची? बंद केली, चारी भाईर काढल्या, पुसल्या, पाटावर मांडल्या. पूजा झाली, परत लावल्या."

"त्याच क्रमाने?"

"लावल्या म्हंजे लावल्या गं. देवापुढं काय पयला-दुसरा?"

समिधाला हसू आवरेना. मशीन मोजत होतं खणाची जागा, आणि स्वराज वाचत होता डिस्कवरचा आकडा. पाटावरून परतताना चौघींनी जागा बदलल्या होत्या. खराब डिस्क आत राहिली आणि धडधाकट बाहेर आली.

"हसा," स्वराज म्हणाला. "चौक गावच्या प्राचीचं लग्न आहे त्यात. दिवाळीला जावयाचा पहिला सण. तिच्या बाबांनी अंगणात पडदा लावून अख्ख्या गावाला फिल्म दाखवायचं ठरवलंय. ती फिल्म मिळाली नाही, तर या तालुक्यात मला लग्नाला कुणी बोलावणार नाही. जेवायलासुद्धा."

"दुसरी प्रत का नाही ठेवली?"

"पहिली होती ना!"

त्याचा चेहरा इतका उतरला होता, की तिने पुढचा टोमणा गिळला.

"मिळेल. बहुतेक. तुम्ही काढलेली डिस्क मेलेली नाही, बाहेर काढल्यामुळे नुसती बाकीच्यांच्या थोडी मागे राहिलीये. पण आधी तिन्ही चांगल्या डिस्कची कॉपी घ्यायची, आणि काय ते उद्योग कॉपीवर करायचे. मूळ डिस्कला कुणी हात लावायचा नाही. आणि मावशी, पूजासुद्धा नाही."

"लांबून हात जोडले तर चालंल का?"

"चालेल."

दुसऱ्या दिवशी समिधा कारखान्यातून सुटल्यावर मोठी डिस्क घेऊन आली आणि कॉपी सुरू झाली. ती काही संपेना. परतीच्या पावसाने संध्याकाळी गडगडाट केला, लाइट गेली, आणि निम्म्यावर आलेली कॉपी पुन्हा पहिल्यापासून. मग स्वराज आपल्या डीजेवाल्या मित्राची, गजाची, बॅटरी उचलून घेऊन आला. गजा म्हणाला, ऐन हंगामात माझा आवाज काढून नेलास रं.

कॉपी चालू असताना समोर बसून राहायची गरज नसते. हे समिधाला पक्कं ठाऊक होतं. स्वराजने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. रोज संध्याकाळी ती यायची, पडद्याकडे बघायची, उठायची, दारापर्यंत जायची, परत येऊन बसायची. बाहेर कापलेल्या भाताचा ओला वास, लांब एक्स्प्रेस वेवर गाड्यांची घरघर. स्वराजचं तर सगळंच बिघडलेलं. प्राचीच्या बाबांचा फोन वाजला की तो दचकायचा, आणि नाही वाजला की जास्तच. एकदा त्याने चहात साखर दोनदा घातली. समिधाने तो चहा न बोलता संपवला. यावरून आईला जे कळायचं ते कळलं.

"तुम्ही फोटोत हसत नाही," एकदा तो म्हणाला.

"तुम्ही हसा म्हणाला नव्हतात."

"म्हणालो होतो. चांगला ओरडून."

"ओरडल्यावर कोण हसतं?"

तो पेटीकडे बघत, सहज विचारल्यासारखं म्हणाला, "कर्जतचा मुलगा... काय करतो?"

"फोटो मागतो."

तिसरी कॉपी एकदाची पुरी झाली, तो रविवार होता. समिधाने तिन्ही कॉप्या जोडल्या, खराब डिस्क बाजूला ठेवली आणि मशीनला सांगितलं, आहे त्यावर उघड. पडदा काळा. तसाच काळा. स्वराज पडद्यावर वाकला. त्याचा हात तिच्या खुर्चीच्या पाठीवर होता.

मग फोल्डर दिसू लागले. एकामागून एक, नावानिशी.

प्राचीची फिल्म उघडली. हळद, मांडव, वरात, सगळं जागेवर. फक्त मामांचं भाषण मध्येच गोठलं, आणि त्याबद्दल कुणालाच वाईट वाटलं नाही. आईने लांबून हात जोडले. स्वराजने चौकला फोन करून सांगितलं, "काका, पडदा लावा." ठेवल्यावर तो हसला आणि लगेच पुन्हा कावराबावरा झाला. कारण पुढच्याच फोल्डरवर समिधाचं नाव होतं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आत्या. तिला स्पीकरची गरज कधी पडत नसे.

"मिळाला का गं फोटो?"

समिधाने फोन कानापासून लांब धरला. ती स्वराजकडे बघत राहिली. त्याने नुसती मान हलवली असती, 'नाही' म्हणून, तरी कुणी खोदून विचारलं नसतं.

"मिळाला म्हणून सांगा," तो हळूच म्हणाला. "तुमच्यामुळेच तर सगळं मिळालं. त्यात मी खोटं नाही बोलणार. पण..."

"पण काय?"

"उद्यापासून कॉपी चालू नसेल. मग संध्याकाळ झाली की मी दाराकडे बघून काय करू?"

"अगं, कोण बोलतंय?" फोनमधून आत्या. "मिळाला का नाही?"

"मिळाला, आत्या." समिधा खुर्चीत सरळ बसली. "पण कर्जतला नाही पाठवायचा. त्यांना 'नाही' म्हणून कळवून टाक."

"अगं, आधी फोटो तरी बघू दे त्यांना!"

"नाही म्हणायला फोटो लागत नाही."

पलीकडे आत्याने एक वाक्य सुरू केलं आणि अर्ध्यावरच सोडलं. आत्याच्या आयुष्यात असे प्रसंग थोडे.

"तो फोटोवाला हाय का तिथं? दे त्याला."

स्वराजने शर्टाला हात पुसून फोन घेतला. "हो," म्हणाला. "हो आत्या." मग, "नाही." मग बराच वेळ ऐकून, लाल होत, "हो." आणि फोन परत दिला.

"काय म्हणाली?"

"तुला मोहोपाड्यापर्यंत सोडून ये म्हणाल्या. आणि वाटेत काहीतरी खायला घाल, भूक लागली की ही चिडते."

"आणि 'नाही' कशाला म्हणालास?"

"विचारत होत्या," स्वराज गाडीची किल्ली शोधत, तिच्याकडे न बघता म्हणाला, "पोरगी आवडायला फार वेळ लागला का."