वखारीत लेकरू खाली ठेवू नका

"लेकरू रडून राहिलं तोवर भेव नाही, बाई. चूप झालं का उचला."

हे वाक्य मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. आणि हसून सोडून दिलं होतं.

पुढे लिहिलंय ते माझ्यासोबत घडलं आहे. पटलं नाही तर सोडून द्या, माझी हरकत नाही. फक्त शेवटी एका घराबद्दल लिहिलंय, तेवढं वाचल्याशिवाय जाऊ नका.

मागच्या डिसेंबरातला दुसरा रविवार. रात्र नव्हती. दुपारचे तीन वाजले होते, स्वच्छ ऊन होतं.

अमरावतीहून वलगावच्या रस्त्याने पुढे गेलं की एका गावाबाहेर रुईची जुनी वखार आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. वखार १८६४च्या आसपासची. अमेरिकेत यादवी चालू होती, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, तेव्हाची.

मी इतिहासात एम.ए. केलं आणि लगेच जाई झाली. नोकरी राहून गेली. म्हणून महिन्यातून एकदा एखादी जुनी जागा बघायची आणि तिथे जाणाऱ्यांसाठी इंटरनेटवर सूचना लिहायच्या, हा माझा छंद. गाडी कुठे लावावी, पाणी मिळतं का, बाळाचे कपडे बदलायला आडोसा आहे का. लोक वाचायचे. विश्वास ठेवायचे.

जाई तेव्हा नऊ महिन्यांची होती. दात येत होते. वलगावपासून ती नुसती रडत होती.

वखारीची चावी समोरच्या घरातल्या माणिकबाईंकडे असते. साठीच्या असतील. त्यांनी कुलूप काढलं आणि उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या राहिल्या.

"मावशी, आत चला ना. थोडी माहिती सांगा."

"मी नाही येत. तुमी पाहून घ्या." मग जाईकडे बघत म्हणाल्या, "लेकराले खाली नोका ठेवू."

"कावून हो?" माझ्या नवऱ्याने, हेमचंद्रने, त्यांच्याच सुरात विचारलं.

"नसते ठेवत."

आणि मग ते वाक्य. रडून राहिलं तोवर भेव नाही. चूप झालं का उचला.

हेमचंद्र माझ्या कानात पुटपुटला, "जाईचं रडणं आवडलेली पहिलीच बाई भेटली."

माणिकबाईंना ते ऐकू गेलं. "हसा," एवढंच म्हणाल्या.

आम्ही उंबरा ओलांडला…

आणि जाई चूप झाली.

हुंदका नाही, मुसमुस नाही. अर्ध्यातच थांबली. मला काय वाटलं सांगू? सुटले, असं वाटलं. ज्यांच्या घरी दात येणारं बाळ आहे, त्यांना कळेल.

आत गार होतं. उंच झरोक्यांतून थोडा उजेड. हेमचंद्र दहा पावलं पुढे गेला, वळला, छताकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाला…

ओठ हलले. आवाज आला नाही.

मी "काय?" म्हटलं. तेही मला माझ्या डोक्यातच ऐकू आलं. बाहेर पडलंच नाही. जाड भिंतींमुळे असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

मधोमध चौकोनी खड्डा होता, कंबरभर खोल. यात रुई ओतायचे, माणसं आत उतरून पायांनी दाबायची, मग गठाण बांधून बैलगाडीवर चढवायची. हे मला पुस्तकातून माहीत होतं. खड्डा रिकामा असेल असं वाटलं होतं.

तो गुडघ्याएवढा भरलेला होता. पांढरीशुभ्र रुई. गावातलं कोणी साठवत असेल, हंगामच होता. मी वाकून हात लावला…

कोमट होती. तिथून कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी.

जाईचे डोळे मिटत होते. माझे खांदे भरून आले होते. मी ओढणी पसरली आणि तिला रुईत निजवलं. फोटो काढला. काठावर बसून लगेच सूचनाही लिहून टाकल्या. "शांत जागा. स्वच्छ. लहान मुलांना घेऊन जायला उत्तम. आमची जाई तर तिथल्या रुईत झोपूनच गेली." फोटो जोडला, पाठवलं.

दोन मिनिटं गेली असतील. जास्त नाही.

नजर वळवली…

ओढणीचं फक्त एक टोक दिसत होतं.

रुई वर आली होती. पार काठापर्यंत. ओतणारं कोणी नव्हतं.

आणि ती दबत होती. एका जागी खळगा पडला. मग शेजारी दुसरा. मग परत पहिल्या जागी. डावा, उजवा. डावा, उजवा.

पाय दिसत नव्हते. दाब दिसत होता.

मी किंचाळले. माझं मलाच ऐकू आलं नाही. हेमचंद्र पाठमोरा उभा राहून तुळईचा फोटो काढत होता.

मी खड्ड्यात उडी घेतली. दोन्ही हातांनी रुई उपसायला लागले. मूठभर बाहेर काढावी तर ओंजळभर आत यायची. तेवढ्यात माझ्या खांद्यावर वजन पडलं. आधी एका. मग दुसऱ्या.

ते मलाही दाबत होतं. सावकाश. रोजच्या कामासारखं.

आणि हाताला एक हात लागला.

लहानसा. मी तो घट्ट धरला, ओढला… तो बर्फासारखा गार होता. मनगटात पितळेचं कडं होतं. दबून चपटं झालेलं, कातडीत रुतलेलं.

जाईच्या मनगटात मी कधीच काही घालत नाही. तिला पुरळ येतं.

मी तो हात सोडला.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. हेमचंद्रलाही नाही. त्या हाताने माझं बोट आवळून धरलं होतं. मी त्याची बोटं सोडवली. एकेक करून.

मग खाली, आणखी खाली, दुसरा हात सापडला. गरम. तो मात्र ओढला.

जाईचं तोंड उघडं होतं, चेहरा निळा पडला होता. तोंडात रुई. बोट घालून काढली. पुन्हा रुई. पुन्हा काढली. तोवर हेमचंद्र धावत आला होता, त्याने आम्हा दोघींना वर ओढलं. जाई जीव तोडून रडत होती, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या…

आवाज नव्हता.

उंबऱ्याबाहेर पाय पडला, तेव्हा आला.

माणिकबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी जाईचं तोंड धुतलं. मग हळूच मला विचारलं, "पहिला हात सोडला ना?"

मी जाईला आणखी घट्ट धरलं.

"बरं केलं. सारे सोडतात."

"काय आहे आत?" हेमचंद्र ओरडला.

"कापसाले सोन्याचा भाव आला, त्या सालात लय घाई होती म्हणे. बाया लेकरायले रुईतच निजवत. नरम राह्यते ना. एकीचं निजलं होतं, माय पाणी प्याले गेली. वरून टोपले पडत गेले. रुईत रडलेलं ऐकू येते काय?" त्यांनी कुलूप लावलं. "गठाण खामगावले गेली. तिथून मुंबई, तिथून जहाजात. माय गठाणी फाडत हिंडली."

"आणि दाबतं कोण?"

"मी आत जात नाही, भाऊ. मले काय माहीत."

डॉक्टरांनी जाईला तपासलं. काही नाही म्हणाले. पण आजही ती कधीकधी तोंड उघडून रडते आणि आवाज येत नाही. म्हणून मी तिच्या छातीवर हात ठेवून झोपते. सकाळी तिची मूठ उघडून बघते. तीनदा रुईचे तंतू निघाले आहेत. आमच्या घरात कापसाची गादी नाही.

त्या सूचना मी त्याच रात्री पुसल्या. पण तोवर एका मोठ्या पेजने त्या उचलल्या होत्या, फोटोसकट. तो फोटो नीट बघा. जाईच्या शेजारी रुईत एक खळगा आहे. नऊ महिन्यांच्या बाळाएवढाच. ओढणीच्या बाहेर.

मी त्या पोस्टखाली लिहिलं, जाऊ नका. लोकांनी हसणारे चेहरे टाकले.

जाणारच असाल तर एकटे जा. बाळाला नेऊ नका. नेलंच तर कडेवरून उतरवू नका, आणि त्याचं रडणं थांबलं तर सुटलो असं वाटून घेऊ नका. मी तेच केलं.

आता ते घर.

अकोल्याच्या जठारपेठेत प्रमोदिनी नावाची मुलगी राहते. तिने गेल्या शनिवारी मला मेसेज केला होता. "ताई, तुमचं वाचून उद्या निघतोय. आमचं बाळ सात महिन्यांचं आहे." मी तो सोमवारी पाहिला. लगेच फोन लावला.

"छान जागा आहे, ताई," ती म्हणाली. "बाळ रुईत झोपलं होतं. थोडं बुडालं पण, मी घाबरलेच. मग जो हात लागला तो धरून ओढलं."

मी विचारलं, "रडतं का गं?"

"अजिबात नाही. आधी किती किरकिरा होता. तिथून आल्यापासून आवाज नाही त्याचा. शहाणा झालाय. अंग तेवढं गार लागतं, थंडीमुळे असेल."

कड्याचं विचारायचं माझं धाडस झालं नाही.

मंगळवारी हेमचंद्र मोटारसायकलने वखारीत जाऊन आला. खड्डा रिकामा होता. रुईचा एक तंतू नाही. फरशी झाडून काढल्यासारखी. माणिकबाई दारातूनच म्हणाल्या, "गठाण भरली होती. गेली."

त्या दिवसापासून प्रमोदिनीचा फोन बंद आहे. घर नेमकं कुठलं, ते मला माहीत नाही. निळं फाटक, दुसरा मजला, गॅलरीत पाळणा टांगलेला, एवढं तिच्या फोटोंत दिसतं.

जठारपेठेत कोणी राहत असाल तर आजच जा. बाळाला बघायला आलो म्हणून सांगा. त्याची बाही वर करून मनगट बघा. मग कोणाचं लक्ष नसताना त्याला एक चिमटा काढा.

आवाज आला, तर मला कळवा.